या वाटेने जाऊ नकोस



१६ ऑक्टोबर २०१९ ची गोष्ट. विधानसभेच्या मतदानाला पाचच दिवस उरले होते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यातील पाडोळी नायगाव येथे प्रचार चालू होता. उमेदवार कैलास पाटील, आणि त्यांच्यासाठी मते मागायला आलेले खासदार ओमराजे निंबाळकर. गर्दीतून एक तरुण पुढे आला. हातात हात द्यायला आला असेल असेच कोणालाही वाटले असते. खासदारांनी हात पुढे केला आणि त्याने चाकू चालवला. वार मनगटावरच्या घड्याळावर बसला. हाताला जखम झाली, पण जीव वाचला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरल्याचे दुसरे उदाहरण मला तरी सुचत नाही.

ज्या घरावर हा वार झाला त्या घराने आधीच फार सोसले होते. ओमराजेंचे वडील पवनराजे निंबाळकर यांचा ३ जून २००६ रोजी नवी मुंबईत कळंबोलीजवळ गोळ्या घालून खून झाला होता. त्यांच्याबरोबर त्यांच्या गाडीचा चालकही मारला गेला. पवनराजेंचे नाव मराठवाड्यात पोरासोरांना ठाऊक आहे. चालकाचे नाव किती जण सांगू शकतील? त्याच्याही घरी कोणी जेवणासाठी थांबलेले असेलच. आजचे हे सदर मी नेत्यांसाठी लिहीत नाही. नेत्यांच्या गाडीत, नेत्यांच्या मागे आणि नेत्यांच्या अंगावर धावून जाणाऱ्या हातात जी माणसे असतात, त्यांच्याविषयी लिहितो आहे, कारण ती माणसे आपल्या वस्तीतली असतात.

अशी बातमी आली की बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात आपली मंडळी एक ठरलेले वाक्य बोलतात, "तसलं आपल्याकडं नाही बुवा." उसाचा, दुधाचा आणि कारखान्याच्या सभासदत्वाचा हा मुलूख. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. या कारखान्यांच्या संचालक मंडळांच्या निवडणुका आमच्याकडे लोकसभेइतक्याच चुरशीने लढविल्या जातात. भावकी फुटते, पंगती वेगळ्या होतात, पण नेत्यांच्या जिवावर कोणी उठत नाही, अशी आपली समजूत. २०२४ च्या लोकसभेला तर बारामतीत एकाच घरातील नणंद-भावजय, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, समोरासमोर उभ्या राहिल्या. सगळ्या देशाचे डोळे इकडे लागले होते. ७ मे रोजी मतदान झाले, ४ जूनला निकाल लागला, सुप्रियाताई दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. प्रचारात शब्दांचे फटकारे पुष्कळ बसले, पण उमेदवारांच्या केसालाही धक्का लागला नाही. एवढे मोठे घर दुभंगले आणि निवाडा मतपेटीने केला, हे लोकशाहीचे भूषण आहे असे मी निःसंकोच म्हणतो.

परंतु उमेदवार सुखरूप राहिला म्हणजे सगळे सुखरूप राहिले असे होत नाही. त्याकडे मी येणारच आहे. आधी थोडे बाहेरचे पाहू.

या हल्ल्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मारेकरी वैऱ्यासारखा येत नाही, चाहत्यासारखा येतो. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडणारा पुण्याचा माणूस आधी नमस्कार करून उभा राहिला. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे निवडणुकीच्या सभेला आलेल्या राजीव गांधींसमोर एक तरुणी हार घेऊन आली आणि पाया पडायला वाकली. स्फोटात राजीवजींबरोबर डझनाहून अधिक माणसे गेली. त्यांत बंदोबस्ताचे पोलीस होते, पक्षाचे कार्यकर्ते होते. १५ मे १९७२ रोजी अमेरिकेत मेरीलँड राज्यातील लॉरेल या गावी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडणारे जॉर्ज वॉलेस भाषण आटोपून लोकांशी हस्तांदोलन करीत होते, तेव्हा गर्दीतून एका एकवीस वर्षांच्या तरुणाने गोळ्या झाडल्या. वॉलेस वाचले, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. अगदी अलीकडे, १३ जुलै २०२४ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यात बटलर येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत वीस वर्षांच्या मुलाने जवळच्या छपरावरून बंदूक चालविली. ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. रक्ताळलेल्या चेहऱ्याने मूठ उंचावलेला त्यांचा फोटो जगभर छापून आला आणि नोव्हेंबरात ते निवडून आले. मात्र त्या दिवशी श्रोत्यांमधला एक गृहस्थ आपल्या बायकामुलींना आडोसा देता देता जागीच गेला, आणखी दोघे गंभीर जखमी झाले, आणि गोळी झाडणारा मुलगाही सुरक्षारक्षकांच्या गोळीने मेला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. जमा-खर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. बटलरचा जमा-खर्च मांडला तर नेत्याच्या बाजूला एक जखम आणि एक फोटो. समोर बसलेल्यांच्या बाजूला एक मरण आणि दोघांचे अंथरूण. हल्लेखोराच्या घरी विशीतल्या पोराचे प्रेत. खर्चाची बाजू सगळी खाली बसलेल्यांच्या नावावर पडली आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या हिशेबाची एक कथा आहे. ती आपल्या घरोघरी मुलांना सांगितली जावी असे मला फार दिवस वाटते. आपण देवदत्ताने ढकललेला दगड सांगतो, नालागिरी हत्ती सांगतो, पण त्याआधीचे सांगत नाही. देवदत्ताला संघाचा प्रमुख व्हायचे होते. आजच्या भाषेत तोही एक उमेदवारच म्हणायचा. त्याने अजातशत्रूकडून माणसे मागून घेतली. त्यांतल्या एकाला सांगितले, "श्रमण गौतम अमुक ठिकाणी आहे, त्याला मार आणि या वाटेने परत ये." त्या वाटेवर त्याने दोघांना बसविले, एकटा येईल त्याला ठार करा म्हणून. त्या दोघांच्या परतीच्या वाटेवर चौघे बसविले, चौघांच्या वाटेवर आठ आणि आठांच्या वाटेवर सोळा. म्हणजे ज्याच्या हातात धनुष्य दिले त्याचे मरण धनुष्य देतानाच ठरलेले होते. काम करणारा उरू नये, साक्षीदार उरू नये, आणि सांगणारा मात्र उजळ माथ्याने फिरावा. अडीच हजार वर्षे झाली, या व्यवस्थेत बदल झालेला मला दिसत नाही.

तो पहिला माणूस ढाल-तलवार आणि धनुष्यबाण घेऊन तथागतांच्या जवळ पोहोचला आणि भीतीने काष्ठासारखा ताठ उभा राहिला. तथागत म्हणाले, "ये मित्रा, भिऊ नकोस." त्याने शस्त्रे बाजूला ठेवली, पायांवर डोके ठेवले आणि कशासाठी आलो होतो ते सांगून टाकले. तथागतांनी त्याला धम्म सांगितला. तो निघाला तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला सगळ्या कथेत तीच मोठी वाटते. "त्या वाटेने जाऊ नकोस, या वाटेने जा." केवळ उपदेश करून त्याला मोकळे सोडले नाही. तो घरी जिवंत पोहोचेल याची तजवीज केली. वाट पाहून कंटाळलेले ते दोघे पुढे आले, त्यांनाही तसेच झाले, मग चौघे, मग आठ, मग सोळा.

आमच्या पुण्यात घडलेली गोष्ट तर इतिहासातली आहे. १८५६ साली महात्मा जोतीराव फुले यांना रात्री घरात घुसून मारण्यासाठी दोघांना पाठविले गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एक रोडे नावाचा रामोशी, दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार. पाठविणारे कोण होते, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. पाठविलेल्यांची मात्र जातीसह ठाऊक आहेत. हे नेहमीचेच आहे. जोतीराव ज्यांच्या मुलांसाठी शाळा काढत होते, ज्यांच्यासाठी शेण-दगड सोसत होते, त्यांच्यातलेच दोघे पैशाचे आमिष दाखवून त्यांच्यावर सोडले गेले. जोतीरावांनी त्यांना विचारले, समजावले. पुढे रोडे त्यांचा अंगरक्षक झाला. धोंडिराम शिकला, विद्वान झाला आणि सत्यशोधक विचारांचा प्रचारक म्हणून ग्रंथ लिहिण्यापर्यंत पोहोचला. जोतीराव त्यांना पोलिसांच्या ताब्यात देऊ शकले असते, कोणी त्यांना दोष दिला नसता. पण मग धोंडिराम आपल्याला मिळाला नसता.

आता आपल्याकडे.

इंदापूर तालुक्यात नीरेकाठच्या एका गावातला मुलगा. नाव-गाव लिहीत नाही, कारण त्याचे प्रकरण अजून कोर्टात आहे. वडील लवकर गेले. आई बारामतीत चार घरी धुणीभांडी करते, पहाटेच्या एस.टी.ने येते आणि दुपारच्या एस.टी.ने जाते. मुलगा बारावी झाला, पोलीस भरतीची तयारी करू लागला. पळण्यात चपळ, अंगाने सडसडीत. एका निवडणुकीत गावातल्या एका गटाने त्याला 'आपला वाघ' म्हणून पुढे केले. गळ्यात उपरणे आले, मोटारसायकलीत पेट्रोल आले, ढाब्यावर रात्रीचे जेवण आले. मतदानाच्या आदल्या रात्री दोन गट समोरासमोर आले. पाकीट वाटपावरून बाचाबाची झाली, कोणाच्या तरी हातात ऊस तोडायचा कोयता होता आणि विरोधी गटाच्या एका कार्यकर्त्याच्या खांद्यावर तो बसला. सुदैवाने माणूस वाचला. फिर्यादीत चौदा नावे आली. आपला मुलगा अकरावा.

"काका, मी नुसता उभा होतो," तो मला म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण कायदा नुसते उभे राहणे असे काही मानत नाही. बेकायदा जमाव, समान उद्देश, आणि जमावातल्या एकाने केले ते सर्वांनी केले, असे कायद्याचे म्हणणे. जुन्या भारतीय दंड संहितेत खुनाच्या प्रयत्नाचे कलम ३०७ आणि जमावाचे १४९ होते. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहितेत तीच कलमे अनुक्रमे १०९ आणि १९० झाली आहेत. आकडे बदलले, जरब तीच आहे. दहा वर्षांपर्यंत कैद, आणि जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत.

जामीन झाला. त्यानंतर तारखा सुरू झाल्या. सहा वर्षांत मी मोजल्या तेवढ्या अठ्ठेचाळीस. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर, कधी वकील दुसऱ्या कोर्टात. प्रत्येक तारखेला एक दिवसाचा रोजगार बुडाला, पाचशे रुपये धरले तरी चोवीस हजार. वकिलाची फी वेगळी, तीही आईने व्याजाने आणलेली. दरम्यान तो भरतीत मैदानी चाचणी पास झाला, लेखीत पास झाला, आणि चारित्र्य पडताळणीत अडकला. गुन्हा प्रलंबित. त्याच्या वयाची मर्यादा त्या तारखांमध्येच उलटून गेली.

आणि ज्यांच्यासाठी तो उभा होता ते दोन्ही पुढारी? गेल्या लग्नसराईत एकाच मांडवात, शेजारी शेजारी, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. फोटो व्हॉट्सअॅपवर गावभर फिरला. मुलाच्या आईने तो मला दाखवला. "भाऊ, ह्यांचं मिटलं जणू," ती म्हणाली. "मग आमचं कवा मिटायचं?"

या बाईच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. लोकांना वाटते की सरकार खटले मागे घेते. घेते, पण कोणते? भीमा-कोरेगावच्या घटनेनंतर जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्रभर जी आंदोलने झाली त्यांत ६४९ गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी ३४८ मागे घेतल्याचे राज्याच्या गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केले. म्हणजे समाजाच्या अस्मितेसाठी रस्त्यावर उतरलेल्या पोरांच्या बाबतीतही सगळे मिटायला नुसती घोषणा पुरली नाही. मग कोणाच्या तरी पॅनेलसाठी झालेल्या कोयत्याच्या प्रकरणाला कोण हात लावणार? ते व्यक्तिगत भांडण ठरते. समाजासाठी अंगावर घेतलेला गुन्हा आणि पुढाऱ्यासाठी अंगावर घेतलेला गुन्हा यांच्यात हाही एक फरक आहे. पहिल्याच्या मागे निदान मोर्चा निघतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात दोन इशारे एकापाठोपाठ दिले, हे आपण फारसे ध्यानात घेत नाही. पहिला असा, की संविधानाचे मार्ग खुले असताना रक्तपाताचे मार्ग सोडून दिले पाहिजेत. दुसरा असा, की धर्मात भक्तीने कदाचित मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण १४ एप्रिलला यांपैकी एखादे वाक्य फलकावर लिहितो आणि दुसरे विसरतो. ती दोन्ही एकच आहेत असे माझे मत आहे. भक्ती असल्याशिवाय कोणी दुसऱ्यासाठी कोयता उचलत नाही. पाडोळीचा असो, लॉरेलचा असो, जो वार करतो तो कोणाचा तरी भक्त असतो किंवा स्वतःच्या प्रसिद्धीचा भक्त असतो. लॉरेलच्या त्या तरुणाची रोजनिशी पुढे सापडली. त्याला आधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना मारायचे होते, ते जमले नाही म्हणून तो वॉलेसकडे वळला. माणूस कोणता हे त्याला महत्त्वाचे नव्हते, नाव झाले पाहिजे होते.

आणि बाबासाहेबांनी हे केवळ सांगितले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला स्पर्श करून आपली माणसे परतत असताना, मंदिरात शिरणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर लाठ्या चालविल्या गेल्या. जेवणाऱ्यांना ताटावरून उठवून मारले. परिषदेला आलेल्यांमध्ये लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी होते. त्यांच्या मनगटात बळ नव्हते असे नाही, नुसती मान हलवण्याचा अवकाश होता. बाबासाहेबांनी ती हलविली नाही. खटला भरला, आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींचे प्राण बाबासाहेबांच्या सहीवर येऊन ठेपले होते. गांधीजींशी आपले मतभेद काय होते ते येथे उगाळत नाही. पण हक्कांचे पाणी सोडावे लागते आहे हे दिसत असतानाही त्या माणसाने प्रतिस्पर्ध्याचा जीव जाऊ दिला नाही.

हे सर्व आज सांगण्याचे कारण निराळेच आहे. बटलरची बातमी आली त्या दिवशी आपल्याच काही तरुणांच्या गटात हसण्याचे निरोप फिरत होते. "थोडक्यात हुकलं" असे एकाने लिहिले. मला ते वाचून फार वाईट वाटले, कारण बरोबर वर्षभरापूर्वी मी तेच हसू दुसऱ्या बाजूला पाहिले होते. २८ जून २०२३ रोजी उत्तर प्रदेशात देवबंद येथे भीम आर्मीचे चंद्रशेखर आझाद यांच्या गाडीवर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी त्यांच्या पोटाला चाटून गेली. तेव्हा आपण संतापलो, ठिकठिकाणी निवेदने दिली, आणि दुसरीकडे काही लोक हसत होते. चंद्रशेखर यांनी त्या अवस्थेत कार्यकर्त्यांना शांतता राखण्याचे आवाहन केले. एका वर्षाने, २०२४ मध्ये, नगीना मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. ज्यांनी गोळी झाडली त्यांना हे उत्तर मिळाले, आणि ते त्यांना टोचेल असेच होते.

विरोधकावर वार झाला तर आपण काय करावे? भगिनींनो, याचे उत्तर एका बाईने दिलेले आहे, म्हणून तिची ओळख करून देतो. शर्ली चिझम. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या कष्टकरी घरातली कृष्णवर्णीय मुलगी, पेशाने शिक्षिका. १९६८ मध्ये अमेरिकेच्या लोकसभागृहात निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७२ मध्ये तिने अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दंड थोपटले. त्याच पक्षातून, त्याच शर्यतीत जॉर्ज वॉलेस होते. हे वॉलेस म्हणजे कोण? अलाबामा राज्याचे गव्हर्नर, काळे-गोरे कायम वेगळे राहिले पाहिजेत अशी प्रतिज्ञा करून १९६३ मध्ये सत्तेवर बसलेले, आणि त्याच वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी विद्यापीठाच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिलेले गृहस्थ. आपल्या भाषेत सांगायचे तर पाणवठ्यावर काठी घेऊन बसलेला माणूस.

त्या माणसाला गोळ्या लागल्या आणि शर्लीबाई त्याला भेटायला इस्पितळात गेल्या. त्यांचे स्वतःचे कार्यकर्ते भडकले. ज्याने आपल्या लेकरांना शाळेच्या दारातून हाकलले त्याच्या उशाशी जायचे? बाईंचे म्हणणे साधे होते. जे तुमच्यावर ओढवले ते कोणावरही ओढवू नये. वॉलेस रडले, असे बाईंनी पुढे सांगितले आहे. आता पुढचे ऐका. १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्याचा प्रश्न निघाला. शर्लीबाई त्यासाठी झटत होत्या, आणि दक्षिणेकडच्या राज्यांची मते काही केल्या मिळत नव्हती. तेव्हा वॉलेस यांनी त्या प्रतिनिधींकडे शब्द टाकला, असे सांगितले जाते. कायदा झाला. गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या लक्षावधी बायकांना त्याने संरक्षण दिले, आणि त्यांत कृष्णवर्णीय बायांची संख्या मोठी होती. १९७९ मध्ये वॉलेस चाकांच्या खुर्चीतून माँटगोमेरीच्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. मार्टिन ल्यूथर किंग एके काळी तेथे धर्मोपदेशक होते.

वॉलेस यांचे मन खरोखर बदलले की मतांसाठी बदलले, यावर तिकडे अजून वाद होतो. होऊ द्या. मोलकरणींना वेतन मिळाले हे खरे आहे. शर्लीबाई इस्पितळात गेल्या म्हणून त्यांनी वॉलेसच्या धोरणाला मत दिले असे झाले नाही. त्यांनी तसूभरही जमीन सोडली नाही. विरोध धोरणाला आणि विचारपूस माणसाची, हे दोन्ही एका वेळी करता येते, आणि ते करायला कोयता धरण्यापेक्षा जास्त छाती लागते.

आता आपल्या गावांतली व्यवस्था. नीरेकाठच्या त्या वस्तीत मागच्या वर्षावासात विहारात रविवारी महिलांची बैठक झाली. ग्रंथवाचन आटोपल्यावर विषय याच मुलाचा निघाला. एका आजीने प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला. प्रचाराला आपल्या पोरांनी जरूर जावे, मत मागावे, पत्रके वाटावीत, मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसावे, कारण ते शिकण्याचे काम आहे. पण कोणाच्याही पेट्रोलवर आणि जेवणावर जायचे नाही, आणि मतदानाच्या आदल्या दोन रात्री सगळ्या पोरांनी विहारात झोपायचे. "तिथं काय करायचं दोन रात्री?" एका पोराने विचारले. "स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हायत की कपाटात," आजी म्हणाल्या. पुढच्या निवडणुकीत सतरा मुले विहारात झोपली. पत्ते खेळली असे नंतर कळले, पण झोपली विहारातच.

आणखी एक माहिती. निवडणूक जवळ आली की पोलीस ठाण्याकडून प्रतिबंधक नोटिसा येतात. आपल्याकडे त्याला चॅप्टर केस म्हणतात. ती आली की आपली माणसे एक तर घाबरून फरार होतात, नाही तर फाडून टाकतात. दोन्ही करू नये. तारखेला हजर राहावे आणि बंधपत्र द्यावे. ज्यांच्यावर गुन्हा दाखल आहे त्यांनी वकिलासाठी व्याजाने पैसे काढण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. बारामती व इंदापूर, दोन्ही ठिकाणी न्यायालयाच्या आवारात चौकशी करता येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही जातीच्या स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे "तुम्ही बौद्ध, तुम्हाला लागू नाही" असे कोणी म्हणाले तर परत फिरू नये. अर्जासोबत जातीचा दाखला, आधार कार्ड आणि फिर्यादीची किंवा दोषारोपपत्राची प्रत जोडावी. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. मी व आणखी दोघे कारकून मंडळी तेथे अकरापर्यंत बसलेलो असतो. येताना निळ्या शाईचे नको, काळ्या शाईचे पेन आणावे.